मुहूर्तावर बसवलेला प्रोग्राम

"मॅडम, टोकन इथंच मिळतं ना?"

आवाज मागच्या खिडकीतून आला. मी मान वळवली नाही. सकाळपासून हा प्रश्न चाळीस जणांनी विचारला होता, आणि चाळिसांना मी एकच उत्तर दिलं होतं, दर वेळी थोडं जास्त चिडून.

"संध्याकाळी पाचला. देवळापुढं. सगळ्यांदेखत निघणार आहेत. आत्ता जा तुम्ही."

"बरं," तो म्हणाला. आणि गेला नाही.

तुम्हीच सांगा, माणूस "बरं" म्हणाला की त्यानं जावं की नाही? हा आपला खिडकीचे गज धरून उभा! मी उगाचच ओढणी सारखी केली आणि लॅपटॉपवर पुन्हा त्याच बटणावर क्लिक केलं... 'नवीन कनेक्शन'. चौकट उघडली. आत दोन ओळी. बंद केली, परत उघडली. दोनच.

"दोनच का येतायत ओ?" मागून आवाज.

"मला काय माहीत!" मी गर्रकन वळले.

उंच, उन्हानं रापलेला मुलगा. कपाळाला भंडाऱ्याचा पिवळा पट्टा, चष्म्यावर एसटीची धूळ. आता खोटं कशाला बोलू, यात्रेसाठी मी नवा कोरा ड्रेस घातला होता, आणि हा माणूस माझ्याकडं नाही, माझ्या स्क्रीनकडं टक लावून बघत होता! मला रागच आला. राग का आला, ते मात्र तेव्हा कळलं नाही.

थोडं आधीचं सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ व्हायला नको. घोडेगावहून शिनोलीकडं निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही, उगाच गावकीची बोलणी कोण खाणार! चैत्रातल्या यात्रेला आमच्या घाटात बैलगाडे पळतात. घाट म्हणजे चढाची मातीची धाव. खाली निशाण पडलं की गाडा किती सेकंदांत वर पोचतो, त्यावर नंबर. कुठला गाडा कितवा पळणार हे टोकनावर ठरतं. सकाळी माती घट्ट असते, बैलांना ऊन लागत नाही. दुपारनंतर सगळा घाट उकरलेला. म्हणून सकाळचं टोकन प्रत्येकाला हवं, आणि त्यापायी आमच्याकडं भावाभावांनी बोलणं टाकलंय.

गाडेवाल्यांची यादी अकरा वर्षं भगवंत गुरुजींनी आपल्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. प्रत्येक गाड्याला एक कायमचा नंबर, पुढं मालकाचं नाव, गाव, फोन. गेल्या साली गुरुजी मुलीकडं नाशिकला गेले आणि कॉम्प्युटरही त्याच महिन्यात कायमचा बंद पडला. हाती राहिला एक पेनड्राइव्ह. यात्रा कमिटीचे अध्यक्ष म्हस्कूआबा. त्यांनी यंदाची नोंदणी फोनवर घेतली, पण जुन्या सवयीनं वहीत लिहिले नुसते गाड्यांचे नंबर. बेचाळीस. एकशे तीन. सत्तर. आता बेचाळीस म्हणजे कोण, हे फक्त त्या पेनड्राइव्हला ठाऊक!

आणि तो उघडायचं काम माझ्याकडं होतं. आमच्या घाटाच्या टेबलावर आजवर बाई बसली नव्हती. माझ्या पप्पांनी कमिटीत शब्द टाकला, "आमची हर्षाली मंचरला कॉम्प्युटर शिकलीय. एक साल बसवून तर बघा." कमिटीतले रखमाजीनाना तिथंच म्हणाले, "अन् जमलं न्हाई तर?" पप्पा म्हणाले, "न्हाई जमलं तर पुन्हा तिचं नाव काढणार न्हाई."

म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत यादी उघडली तर मी टेबलावर. नाही उघडली तर मी कायमची घरी, आणि चार माणसांत पप्पांची मान खाली. तेव्हा वाजले होते साडेअकरा.

"आत येऊ का?" खिडकीतला विचारत होता. "पुण्याला कंपनीत मी हेच करतो. लोकांचे डेटाबेस रुसले की समजूत काढायची."

"टोकन कशाला हवंय मग तुम्हाला?"

"आमचा गाडा आहे. वडलांचा. सावळाराम, आळ्याचे. मी सुदर्शन."

"मग तर मुळीच नाही! टोकनाच्या मशिनला गाडेवाल्याच्या पोरानं हात लावायचा? गाव जाळील मला."

"हात लावतच नाही." तो समाजमंदिराला वळसा घालून आत आला सुद्धा. खुर्ची माझ्यापासून चांगली तीन हात लांब ठेवली, बसला आणि दोन्ही हात काखेत दाबून घेतले. "हे बघा. नुसतं विचारतो. उत्तरं तुम्ही द्यायची, बटणं तुम्ही दाबायची."

मला हसू आलं. मी ते दाबलं, पण त्यानं बघितलं असावं... कारण त्याचे कान लाल झाले.

"पहिला प्रश्न. फाइल बरी आहे का? का फाइलच खराब?"

"बरी आहे. गेल्या आठवड्यात, सुट्टी लागायच्या आधी, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडली होती. तिथं ह्या चौकटीत नऊ ओळी होत्या. नऊ प्रकारच्या डेटाबेसना जोडता येत होतं, त्यात आपला जुना प्रकारही होता. इथं दोनच प्रकार."

"प्रोग्राम तोच?"

"तोच. आवृत्ती पण तीच. मी काय दुसरा टाकेन होय?"

"चिडू नका ओ... मी विचारणारच. दुसरं कोण विचारतंय?"

त्याच्या विचारण्यात गंमत होती. आमच्याकडं लोक विचारतात ते कुणाची चूक ते ठरवायला. ह्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या दोन ओळींकडं तो असा बघत होता की मलाही वाटायला लागलं, खरंच की... बाकीच्या सात गेल्या कुठं?

"मला एक सांगा," मीच विचारलं. "जोडता येत नसेल तर तसं लिहावं ना त्यानं! ओळच कशी गायब करतो? फसवणूक नाही का ही?"

"नाही. हॉटेलच्या फळ्यावर बघा, जे शिजलेलं नाही ते लिहीतच नाहीत. प्रत्येक प्रकारच्या डेटाबेसशी बोलायला ह्याला आत एक दुभाषा लागतो. ड्रायव्हर म्हणतात त्याला. ज्याचा दुभाषा आत नाही, त्याचं नावच यादीत येत नाही."

"मग आपला दुभाषा पळाला?"

"पळाला, किंवा आलाच नाही..." तो पुढं झुकला. हात अजून काखेत. "प्रोग्राम बत्तीस बिटवाला आहे का चौसष्ट बिटवाला बघा. दोघांचे दुभाषे वेगळे असतात. एकाला दुसऱ्याचे दिसत नाहीत."

बघितलं. चौसष्टच, आणि कॉलेजातला पण चौसष्टच होता. ते कारण नव्हतं. तो "हं" म्हणाला, आणि त्याला वाईट वाटण्याऐवजी आनंदच झाला! अजून एक दार बंद, म्हणजे उरली कमी. मला अशी माणसं भेटलेली नव्हती. आमच्या घरात टीव्ही बंद पडला तरी आधी अर्धा तास भांडण होतं.

"प्रोग्राम बसतो तेव्हा स्वतःची रोजनिशी लिहितो," तो म्हणाला. "काय बसवलं, काय सोडलं, किती वाजता. लॉग म्हणतात. ती काढा."

त्यानं वाट सांगितली, मी फोल्डरमागून फोल्डर उघडत गेले. शेवटी एक साधी मजकुराची फाइल. बारीक अक्षरं. दोघं वाचत होतो, आणि खुर्ची तीन हातांवरून एक हातावर कधी आली, कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्याच्या शर्टाला उन्हाचा आणि भंडाऱ्याचा वास होता.

"हे बघा. काल, शुक्रवार. दहा वाजून अठ्ठावीस मिनिटं. 'जोडणीचे जादा घटक निवडले नाहीत. वापरणाऱ्यानं पुढं जा म्हटलं.'" तो माझ्याकडं वळला. "काल साडेदहाला काय झालं होतं?"

मला लख्ख आठवलं.

काल लॅपटॉपची पूजा होती. देणगीत आलेला नवा लॅपटॉप, त्याला हार, पुढं नारळ, झाकणावर कुंकवाचं बोट. आबांनी पंचांग बघून सांगितलेलं, शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो, त्याच्या आधी प्रोग्राम बसला पाहिजे. आणि कमिटीचे सात जण माझ्या डोक्यावर उभे राहून ओरडत होते, "आटप गं पोरी, दोनच मिनिटं ऱ्हायली! दाब की!" मी दाबत गेले. पुढं, पुढं, पुढं... मधे एक पान आलं होतं, चौकटींचं. कुठल्या कुठल्या डेटाबेसना जोडायचंय त्यावर खुणा करा. वाचलं सुद्धा नाही. साडेदहाच्या ठोक्याला प्रोग्राम बसला, आबांनी नारळ फोडला, मी पेढा खाल्ला.

"माझी चूक आहे," मी पुटपुटले. "मीच..."

तेवढ्यात दारात रखमाजीनाना. "काय गं, निघाली का यादी? अन् ह्यो कोन पावना?"

आणि मी, हर्षाली, जी गावभर तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे, ती मी घाबरले. "नाना, प्रोग्रामच कंपनीकडनं अर्धा आलाय. माझं सगळं बरोबर होतं. हे... जरा बघतायत."

नानांनी त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि गेले. सुदर्शन नुसता चष्मा काढून शर्टाला पुसत बसला. त्यानं मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

उपाय सोपा होता. बसवायचा प्रोग्राम पुन्हा चालवायचा, त्या राहिलेल्या पानावर खुणा करायच्या. पण राहिलेले घटक नेटवरून उतरणार, आणि आमच्या गावात नेटची रेंज फक्त घाटाच्या माथ्यावर! मग काय, भर दीड वाजता मी लॅपटॉप छातीशी धरून घाट चढते आहे, आणि हा हात मागं बांधून माझ्याबरोबर.

"द्या की इकडं. जड आहे."

"हात लावायचा नाही ठरलंय."

"मग छत्री तरी धरतो."

"छत्री कुठाय?"

"नाहीये... पण धरली असती."

मी हसले, ह्या वेळी दाबलं नाही. खाली टँकर उद्याच्यासाठी घाटावर पाणी मारत येत होता. तापलेल्या मातीचा वास उठला होता. आम्ही माथ्यावर मांडवाच्या सावलीत बसलो, त्याच्या फोनवरून नेट घेतलं. मी खुणा केल्या... एकेक ओळ वाचून, सातच्या सात. निळी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकायला लागली.

"तुमच्याकडं मेंढरं होती ना?" मी विचारलं. आळ्याची मेंढपाळांची वाडी ऐकून माहीत होती.

"अजून आहेत. बारा. आजोबांची दोनशे होती, सगळे त्यांच्यामागं कोकणापर्यंत जायचे. आता शेती, आणि मी पुण्याला."

"मग बारा कशाला ठेवली?"

"आईला करमत नाही त्यांच्याबिगर." तो थांबला. "आता मी विचारू? नानांना खरं का नाही सांगितलंत?"

मला वाटलं होतंच, विचारणार. "तुम्ही पुरुष आहात. तुमच्याकडनं चूक झाली तर चूक झाली म्हणतात. माझ्याकडनं झाली तर बाईला बसवलं म्हणून झाली म्हणतील. पप्पांनी शब्द दिलाय..." मी ओढणीनं लॅपटॉपवरची धूळ पुसली. "मी भित्री नाहीये ओ. पण मला ही खुर्ची लई हवी आहे."

तो पट्टीकडं बघत म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही. पण मला बरं नाही वाटलं. चूक लपवावी अशी नव्हतीच ती. कुणाचीही झाली असती."

मी काही तरी खरमरीत बोलणार, तोच टँकरवाला माथ्यावर पोचला, आणि त्याचा पाइप निसटला! पाण्याचा झोत थेट आमच्याकडं. मी किंचाळले. सुदर्शननं एका झेपेत लॅपटॉप उचलला, पोटाशी धरला आणि पाण्याकडं पाठ करून उकिडवा बसला. सगळी पाठ चिंब. चष्म्यावरून थेंब. मशिन कोरडं ठाक.

"हात लावलात," मी म्हणाले.

"शिक्षा करा."

"घरी जा आणि अंग पुसा."

"ही शिक्षा नको. दुसरी द्या..." आणि तो माझ्याकडं असा बघायला लागला की मी पटकन स्क्रीनकडं बघितलं. पट्टी पूर्ण झाली होती. मी 'नवीन कनेक्शन' दाबलं. एक, दोन, तीन... नऊ! पेनड्राइव्हमधली फाइल निवडली, आणि भराभर नावं उतरली. बेचाळीस, गेनभाऊ, नारोडी. एकशे तीन, जानकू, साकोरे. मी आनंदानं त्याचं मनगट धरलं, घट्ट! आणि सोडायचं विसरले. त्यानंही आठवण करून दिली नाही.

खाली घाटाच्या पायथ्याशी रखमाजीनाना उभे होते. आमच्याकडंच बघत होते.

पाचला देवळापुढं दोनेकशे गाडेवाले जमले. मी टेबलावर, समोर माइक, मागं भिंतीवर मोठा पडदा. लॅपटॉप एकेक नंबर आपोआप उचलणार, मी नाव वाचणार. पप्पा पहिल्या रांगेत ताठ बसलेले. टोकन एक, गिरवली. टोकन दोन, नारोडी. तीन, साकोरे. आणि चार...

"सावळाराम, आळे."

मी काही केलं नव्हतं, देवाशपथ. मशिननं उचलला होता. पण नाना उभे राहिले.

"आळ्याचं? चार नंबर? अध्यक्ष, जरा इचारा, आज दुपारभर त्या मशिनीपाशी कोण बसलं व्हतं! म्या सोता बघितलं, घाटावर मशिन पोटाशी धरून बसलं व्हतं पोरगं. अन् ही शेजारी!"

गलका उठला. कुणी "लबाडी" म्हणालं, कुणी "पोरीला फितवली" म्हणालं. पप्पांनी मान खाली घातली. गर्दीतून सुदर्शन पुढं आला, ओलसर शर्ट तसाच.

"मशिनला हात लावला, खरं आहे. चुकलं माझं," तो शांतपणे म्हणाला. "आमचा गाडा ह्या यात्रेतून काढा. मॅडमचा काही दोष नाही."

झालं! प्रकरण मिटत होतं. परक्या गावचा पोरगा, दोष घेतोय, घेऊ द्या. माझी खुर्ची शाबूत. मी नुसतं गप्प बसायचं होतं. म्हस्कूआबा "बरं, मग..." म्हणायला लागले सुद्धा.

मी माइक ओढला.

"थांबा आबा. हे खोटं बोलतायत, दोष माझा आहे. मी पण खोटं बोलले आहे." माझा आवाज घाटापर्यंत जात होता. "प्रोग्राम अर्धा आला नव्हता. काल बसवताना मी एक पान न वाचता पुढं गेले, म्हणून यादी उघडत नव्हती. माझी चूक. नानांना मी कंपनीचं नाव सांगितलं, ती पण माझी चूक. ह्यांनी नुसतं विचारून विचारून ती शोधून दिली. मशिन पोटाशी धरलं ते पाण्यात भिजू नये म्हणून, टँकरवाल्याला विचारा. तरी तुम्हाला शंका असेल तर हे टोकन रद्द करा. सगळे नंबर चिठ्ठीवर लिहा, घागरीत टाका, आबांनी सगळ्यांदेखत काढा. मी नावं वाचते. आणि मला टेबलावर ठेवायचं का नाही, ते मग ठरवा."

पप्पांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं नाही, पण मान वर केली.

"बगा!" नाना म्हणाले. "म्या म्हनलं व्हतं, पोरीचं काम न्हाई..."

"गप रं रखमा." म्हस्कूआबा उठले. फेटा काढून डोकं खाजवलं. "पान न वाचता दाब म्हनून वरडत कोन व्हतं? आमी सात जण! तू तर माझ्याहून मोठ्यानं. राहुकाळ, राहुकाळ... पोरीनं चूक कबूल केली. तू केली का कवा? आना घागर."

घागर आली. सव्वा तास चिठ्ठ्या निघत होत्या. मी प्रत्येक नाव वाचून लॅपटॉपमध्ये भरत होते, आणि प्रत्येक वेळी आबा नवी चिठ्ठी उलगडत, तेव्हा माझा जीव टांगणीला. चार नंबरला वडगावचा गाडा आला. पन्नास झाले, शंभर झाले, दीडशे... सावळाराम, आळे, निघाले एकशे सत्त्याऐंशीवर.

माझ्या खरेपणानं त्याच्या वडलांची सकाळ खाल्ली. सगळं आटोपल्यावर मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. पागोटं, हातात काठी, चेहऱ्यावरून काही कळेना.

"काका, माझ्यामुळं..."

"चौथा पळलो असतो अन् जिकलो असतो, तर जन्मभर लोक म्हनले असते लबाडीनं जिकला," सावळारामकाका म्हणाले. "माझी बैलं सांजच्यालाबी पळत्यात. तू घड्याळ नीट बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून मी टेबलावर होते. निशाण पडायचं, घड्याळाचे आकडे लॅपटॉपवर यायचे, मी वाचायचे. दुपारपर्यंत रखमाजीनाना सुद्धा माझ्यामागं उभं राहून "गिरवलीचं किती आलं गं?" विचारायला लागले. पण माझं लक्ष एकाच आकड्याकडं. एकशे ऐंशी... एकशे पंच्याऐंशी... ऊन उतरलं होतं, घाटाची पार चाळण झालेली. एकशे सत्त्याऐंशीची हाक गेली, आणि खालून चार खिलार बैल माती उडवत आले. मला घड्याळाकडं बघायचं होतं. मी बैलांमागं धावत येणाऱ्या, चष्मा सावरणाऱ्या माणसाकडं बघत होते. काय लपवू आता?

"एकशे सत्त्याऐंशी, सावळाराम, आळे... बारा सेकंद, चौतीस!"

त्या मातीत बारा चौतीस! टाळ्या पडल्या. पहिल्या नंबरात बसले नाहीत ते. सकाळच्या गाड्यांनी अकरा काढले होते. पण दुपारनंतरच्या गाड्यांत एवढे कमी सेकंद कुणाचेच नव्हते, आणि हे माइकवरून दोनदा सांगितलं मी. दुसऱ्यांदा सांगायची काही गरज नव्हती.

बक्षिसं वाटून झाली, तेव्हा पप्पा पहिल्यांदा बोलले. कालपासून गप्प होते. "पुढच्या सालीबी तूच बस म्हनत्यात." मग घसा खाकरला. "त्या आळ्याच्या पोराला चा-पानी इचारलं का तू?"

"नाही."

"मग इचार की. गडबड कर, त्यांचा टेम्पो निघाला."

मी धावले. नवा ड्रेस, पायात चप्पल नाही, गर्दीतून वाट काढत. टेम्पोत बैल चढवले होते, फळी लावली होती. सुदर्शन मागं दावं बांधत होता. मला बघून त्याच्या हातातलं दावं सुटलं.

"काय झालं? परत ओळी गेल्या का?"

"नाही..." मला दम लागला होता. "एक विचारायचंय. लॉगमध्ये बघायचं, हे तुम्हाला आधीच सुचलं होतं ना? खरं सांगा."

तो चष्मा काढून पुसायला लागला. शर्ट सगळा मातीचा, चष्मा जास्तच मळला. "पहिल्या पाच मिनिटांत."

"मग फाइल बरी आहे का, बत्तीस का चौसष्ट, हे सगळं?"

"ते... विचारायला हवंच असतं. पण इतकं सावकाश नाही." तो खाली बघत होता. "प्रश्न संपले असते तर उठावं लागलं असतं. तुम्ही त्या खुर्चीवर बसून 'ओळच कशी गायब करतो' म्हणालात ना... माझ्या ऑफिसात तीन वर्षांत कुणी असं विचारलं नाही. सगळे म्हणतात, चालू करून द्या. मला तुम्हाला सांगत बसावंसं वाटलं. अजून वाटतंय. काल तुम्ही माइकवर बोललात, तेव्हापासून झोप नाही मला."

"मग बोलला का नाहीत?"

"भीती वाटली. तुम्हाला खुर्ची हवी होती, मी अजून एक भानगड कशाला..."

"सुदर्शन," मी म्हणाले. तुम्ही-बिम्ही सगळं गळून पडलं. "मला तू आवडतोस. लई आवडतोस. आता यातलं काही मी कुणाच्या नावावर ढकलणार नाही. मला वाटतंय, मी बोलतेय."

एवढे प्रश्न विचारणारा माणूस, त्याला एक सुचेना! तोंड उघडं, कान लाल, हातात चष्मा. टेम्पोचं इंजिन सुरू झालं. बैल हलले. पुढच्या केबिनमधून सावळारामकाकांनी मान बाहेर काढली. त्यांना किती ऐकू गेलं होतं देव जाणे, पण मिशीत काहीतरी हलत होतं.

"आरं ए, बसतोस का ऱ्हातोस?"

सुदर्शननं माझ्याकडं बघितलं. आता स्क्रीन नाही, घड्याळ नाही, नुसतं माझ्याकडं.

"ऱ्हातो!" तो वडलांकडं वळून ओरडला. "दादा, मी ऱ्हातो!"

"मग शेवटच्या एसटीनं ये," काका म्हणाले, "अन् तिच्या बापाला भेटल्याबिगर येऊ नगंस."

टेम्पो धूळ उडवत शिनोलीच्या रस्त्याला लागला. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे. त्यानं चष्मा घातला, आणि सगळ्या गावादेखत, दोनेकशे गाडेवाल्यांदेखत, माझा हात हातात घेतला.

"चल," मी म्हणाले. "पप्पा चहाला थांबलेत."